अण्णा गेल्याची पहिली बातमी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बेबीआत्याच्या फोनने. तोंड धुऊन ती स्वयंपाकघरात यायची, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि विळी पुढ्यात घेऊन नारळ खवायला बसायची. मग जे सुरू व्हायचं ते काही विचारू नका. कुणी बाबा सांगतोय की पपईच्या बिया गिळल्या की गुडघे नवे होतात, मध्येच कुणाचं तरी गुलाबासकट शुभ सकाळ, मध्येच 'उद्यापासून मीठ मिळणार नाही, आजच भरून ठेवा' असं घाबरवणारा एक घोगरा आवाज. या सगळ्याच्या खालून विळीची खरखर चालू, आणि पलीकडे आईच्या तव्यावर घावनाचं पीठ पडल्याचा चर्र आवाज. अंगणात सुपारी वाळत घालता घालता अण्णा ओरडायचे, "बेबे, त्या बाबाला गप कर, नाहीतर मला तरी विहिरीत ढकल!" आत्या आवाज कमी करायची नाहीच, उलट म्हणायची, "तुझेच गुडघे दुखतात म्हणून ऐकतेय मेल्या."

अण्णा म्हणजे माझे वडील, आणि बेबीआत्या त्यांची धाकटी बहीण. ती लग्न होऊन गेली होती आणि वर्षाच्या आत परत आली होती. का आली ते विचारायचं नाही, असा घरात न सांगता पाळलेला नियम होता. बोर्लीच्या पुढे, समुद्राच्या अंगाला आमची नारळ-सुपारीची वाडी. घरात आम्ही चौघं. आई बोलायची कमी आणि आत्या तिच्या वाट्याचंही बोलायची, त्यामुळे हिशेब बरोबर व्हायचा. आत्या फोनवर आलेल्या प्रत्येक अक्षरावर विश्वास ठेवायची आणि अण्णा कशावरच ठेवायचे नाहीत. रेडिओने पाऊस सांगितला तरी ते अंगणात जाऊन वर बघून येत. या दोघांच्या मध्ये वाढले म्हणून मी अशी झाले असेन. आजही मला कुणी काही सांगितलं की अर्धं मन 'हो का!' म्हणतं आणि अर्धं 'कशावरून?' म्हणतं, आणि दोघांचं भांडण मिटेपर्यंत सांगणारा निघून गेलेला असतो.

मी तेव्हा एसटीने म्हसळ्याच्या कॉलेजात जात होते. एकदा मुंबईहून एक पत्रकार ताई आमच्या वर्गात आल्या. केस कापलेले, पायात पुरुषी चपला, बोलणं मात्र अगदी घरच्यासारखं. बातम्या तपासायच्या कशा, हे त्यांनी दोन दिवस शिकवलं. फोटो फोनमध्ये टाकून तो आधी कुठे कुठे छापून आलाय ते कसं शोधायचं, व्हिडिओ थांबवून मागच्या दुकानाची पाटी कशी वाचायची, बातमीवर तारीख आहे का, इतर कुणी ती दिलीय का, आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदा कोण बोललं. त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, "दहा जणांनी सांगितलं म्हणजे दहा ठिकाणांहून आलं असं नाही. ते दहाही जण एकाच्याच तोंडचं सांगत असतात." आणि एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. जी बातमी वाचून लगेच राग येतो किंवा रडू येतं, तिच्यापाशी थांबा. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रडू येईल त्याच्यापाशी थांबायचं? मग माणसाने रडायचं कधी?"

तर ते शिकून आल्यावर मी घरातली बातमी-तपासनीस झाले. आत्याचा फोन हातात घ्यायचा आणि एकेक बातमी निकालात काढायची. आपल्याच किनाऱ्याला लागलेला म्हणून फिरत असलेल्या राक्षसी माशाचा मूळ फोटो मी शोधून काढला, तर माशाच्या मागे बर्फाचे डोंगर! अण्णा त्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग शेजारपाजारही फोन घेऊन यायला लागला. पलीकडच्या वाडीतल्या सुगंधाकाकी तर कुंपणावरूनच हात लांब करायच्या, "मुक्ते, ह्ये खरा हाय का न्हाय तेवढा बघ गो." मला भारी वाटायचं. डॉक्टरकडे नाडी दाखवतात तसे लोक मला फोन दाखवतात, असं मी मैत्रिणींना सांगायचे. आता हे लिहिताना माझी नात शेजारी बसून कशाला तरी प्रश्न विचारतेय आणि ते तिला गोड आवाजात उत्तर देतंय. उत्तर बरोबर की चूक ते मी विचारत नाही. विचारलं तर तेच तपासून सांगेल, मग त्याला कोण तपासणार, असा विचार सुरू होतो आणि माझा चहा निवतो.

त्या दिवसांतही एक गोष्ट मात्र मला तपासता आली नव्हती, आणि ती घरातलीच होती. आमच्या वाडीच्या बांधावर एक फणस होता. आजोबांनी लावलेला, म्हणजे अण्णांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा सारखाच. मोठे काका किहीमला राहायचे. तिकडे शाळेत शिकवायला गेले आणि तिथलेच होऊन गेले. मोठ्या वादळात आमच्याकडची निम्मी वाडी आडवी झाली, त्यात तो फणसही गेला. अण्णा म्हणाले, वादळाने पाडला. काकांना कुणीतरी कळवलं की झाड नुसतं कललं होतं, अण्णांनी करवतीने कापलं. काकांनी फोन केला, अण्णांनी उचलून काहीतरी तिखट उत्तर दिलं, आणि तिथपासून दोघांचं बोलणं बंद. दिवाळीला नाही, गणपतीला नाही. मी आईला विचारलं, खरं काय? आई म्हणाली, "मी त्या वेळी आत पत्रे धरून उभी होते." आत्याला विचारलं तर म्हणाली, "वादळाने पाडला म्हणजे वादळाने पाडला." फोटो कुणी काढलेला नव्हता आणि लाकूड कधीच जळून गेलं होतं. काका मात्र आमच्या घरच्या ग्रुपवर होते. 'आपली माणसं' त्याचं नाव. त्यावर अण्णांनी काही टाकलं की काका बघायचे, उत्तर द्यायचे नाहीत. आणि अण्णाही, कुणी बघत नसेल तेव्हा, मोठ्या भावाने बघितलं की नाही ते बघायचे. मी स्वतः पाहिलंय.

आता तो दिवस. सुपारी उतरायचे दिवस होते, ऊन चढलेलं. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खात होते आणि फोन थरथरला. 'आपली माणसं'वर चुलतभाऊ नितीनने, म्हणजे मोठ्या काकांच्या मुलाने, अण्णांचा फोटो टाकला होता. भोवती झेंडूचा हार, खाली दोन समया, आणि अक्षरं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी तो बघितला आणि पहिला विचार काय आला सांगू? की हा फोटो नितीनच्याच लग्नातला आहे, अण्णांच्या खांद्यावर कडेला वहिनीच्या शालूचा काठ दिसतोय. मग घास तोंडातच राहिला. गिळावा की थुंकावा ते कळेना. बाप गेल्यावर तोंडात वडा असला तर काय करतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी थांबले. खरंच सांगते, फळ्यावरचं ते वाक्य मला आठवलं आणि मी थांबले. म्हटलं, हे खोटं असणार, तपासू. फोटो जुना आहे, पण श्रद्धांजलीचा फोटो जुनाच असणार, मेल्यावर कुणी फोटो काढायला बसतं का? पहिल्यांदा कोण बोललं? नितीनने खाली लिहिलं होतं, 'बेबीआत्याने स्वतः कळवलं', आणि तिचा आवाज पुढे पाठवला होता. मी तो कानाला लावला. "दादा रे... आपला अण्णा गेला रे..." आणि पुढे नुसता हुंदका. आवाज आत्याचाच. मागे विळीची खरखर नव्हती, वाडीतल्या पंपाचा आवाज नव्हता, काहीच नव्हतं. मग घरी फोन लावला, लागेना. अण्णांचा, आईचा, आत्याचा, तिन्ही बंद. आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो, हे मला रोजचं माहीत होतं. पण त्या दिवशी तिन्ही फोन बंद म्हणजे घरात सगळे अण्णांपाशी बसलेत, असंच डोक्यात आलं. एक गोष्ट खटकली होती. आपल्याकडे असल्या निरोपात अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार ते पहिलं लिहितात. यात ते नव्हतंच. मी ते हेरलं. आणि हेरून त्याचा अर्थ काय लावला, तर माझ्यासाठी थांबलेत! ताईंनी दिलेलं एकूणएक हत्यार मी त्या कँटीनमध्ये वापरलं, आणि प्रत्येकाने मला सांगितलं की तुझे वडील गेले.

म्हसळ्याहून घरी जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले. रडू येत नव्हतं. सारखं वाटत होतं की काहीतरी तपासायचं राहिलंय, ते झालं की मग रडू. कंडक्टरने तिकिटाला हात पुढे केला तर मी त्यांच्या हातात फोन ठेवला. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि फोन परत दिला. अण्णांचं सकाळचं शेवटचं बोलणं काय होतं ते आठवून बघत होते. "छत्री घे." "अण्णा, ऊन आहे." "मग उन्हाला घे." एवढंच. बोर्लीच्या स्टँडवर गाडी थांबली तर खालून किराणा दुकानवाल्या बाईंनी मला खिडकीत पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "बाई गो, कळला आमाला. सोन्यासारखा माणूस." झालं. आता बाहेरचं माणूसही सांगतंय म्हटल्यावर माझं उरलंसुरलं अवसान गेलं. त्यांना कुठून कळलं असेल, त्याच हाराच्या फोटोवरून, हे त्या क्षणी सुचलंच नाही. दहा जण आणि एक तोंड, वहीत लिहिलेलं सगळं वहीतच राहिलं, आणि मी पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं.

घराच्या फाटकाशी उतरले तर अंगणात माणसं. सुगंधाकाकी पिठलं-भाताचं पातेलं फडक्यात धरून उभ्या होत्या. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. आणि पायरीवर, ओल्या केसांनी, धुतलेला सदरा घालून, मांडीवर ताटली घेऊन अण्णा पिठलं-भात खात बसले होते.

"मीठ कमी आहे," ते सुगंधाकाकींना म्हणत होते.

"मेल्यांच्या घरात मीठ कमीच घालतत," काकी म्हणाल्या, आणि माणसं हसली. हसणारीही तीच, जी थोड्या वेळापूर्वी डोळे पुसत आली असणार. मी जवळ गेले. हात पुढे केला आणि अण्णांच्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात, नखं रुतवून. "आई गं!" अण्णा ओरडले, ताटली कलंडली, "अगं, जिवंत आहे मी! मारतेस का आता?" तेव्हा कुठे मी खाली बसले. मला आनंद झाला होता असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले, पण त्या वेळी मला राग आला होता. प्रचंड राग. कुणाचा ते ठरवता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांवरच ओरडले.

मग बेबीआत्याने सांगितलं. सकाळी सुपारी उलथीपालथी करताना अण्णांच्या डोक्यावर कावळा बसला. नुसता घासून गेला नाही, चांगला बसला आणि चोच मारून गेला. आणि डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाच्या जिवावरचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यावरचा उपायही ठरलेला. माणसाने आंघोळ करायची, आणि त्याच्या जवळच्या नात्यात तो गेल्याची खोटी बातमी पाठवायची. नातलग खरोखर रडला पाहिजे. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की यमाला वाटतं, इथलं काम झालं, आणि तो माघारी जातो. मग लगेच दुसरा निरोप धाडायचा, की माणूस सुखरूप आहे, कावळा बसला होता. आत्या म्हणाली, "आमच्या लहानपणी दोन गडी पाठवायचे. पहिला रडवायला आणि त्याच्या मागून, हाकेच्या अंतरावर, दुसरा हसवायला. दुसऱ्याने रस्त्यात कुठे पाणी प्यायलासुद्धा थांबायचं नाही."

"मग तुझा दुसरा कुठाय?" मी विचारलं.

तिने फोन दाखवला. तिने दुसरा निरोप बोलून ठेवला होता, अगदी पाठोपाठ. "दादा, खोटं हो! कावळा बसला होता. अण्णा धडधाकट आहे, आंघोळ करतोय." पण तेवढ्यात वीज गेली, टॉवर बसला, आणि निरोपाच्या खाली ते छोटंसं घड्याळ तसंच फिरत राहिलं होतं. पहिला गडी किहीमला पोचून जगभर बोंबलत सुटला, आणि दुसरा आमच्याच ओटीवर अडकून बसला.

"पण मोठ्या काकांनाच का पाठवलंस? ते तर अण्णांशी बोलतसुद्धा नाहीत."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. "म्हणून तर. ह्याच्यासाठी खरं रडणारं दुसरं आहे कोण?"

अण्णा पिठलं चिवडत बसले. ते कशावरच विश्वास ठेवत नसत, मग हे त्यांनी आत्याला करू कसं दिलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. विचारलं तर म्हणाले, "तिला पाठवायचं होतं, पाठवू दे म्हटलं." आणि हळूच, "दादाने ऐकलं का गं? बघितलं दिसतंय का?"

मोठे काका आले ते दिवेलागणीला. किहीमहून जीप करून, आगरदांड्याला बोटीत चढून, दिघीला उतरून, रस्ताभर रडत. दुसरा निरोप तोवर पोचला होता, पण सोबत आलेल्या नितीनचा फोन बोटीत बंद पडलेला आणि काकांचा घरीच राहिलेला. ते फाटकातून आत आले. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. डोळे सुजून बारीक झालेले. पायरीवर बसलेल्या अण्णांना बघून ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले, वाळत घातलेल्या सुपारीत.

"मेलायस ना रे तू?" ते म्हणाले.

"मेलो होतो," अण्णा म्हणाले. "कावळा बसला."

काकांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि अण्णांना त्याने फटकवायला सुरुवात केली. पाठीवर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे. "हलकटा! रडवलंस मला! म्हाताऱ्या माणसाला जंजिऱ्यासमोर बोटीत रडवलंस! लोक विचारतायत कोण गेलं, मी सांगतोय माझा धाकटा भाऊ!" अण्णा नुसते हात डोक्यावर धरून बसून राहिले आणि हसत होते, आणि हसता हसता त्यांच्याही डोळ्यांतून धारा. मग काका धापा टाकत त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. आईने काही न विचारता त्यांच्यापुढेही पिठलं-भाताची ताटली ठेवली. थोडं खाल्ल्यावर काकांनी विचारलं, "फणस तू पाडलास की वादळाने पडला?"

"तू रडलास की नाही ते सांग आधी," अण्णा म्हणाले.

"मीठ कमी आहे याला," काका म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला. त्याचं खरंखोटं मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे कित्येक दिवस मी त्या बातमीच्या मागे झाडू घेऊन फिरत होते. 'अण्णा सुखरूप आहेत' असा निरोप लिहिला, त्यांचा आजचा फोटो, हातात आजचं वर्तमानपत्र, सगळं ताईंनी सांगितल्यासारखं. तो कुणी पुढे पाठवला नाही. हारवाला फोटो मात्र फिरतच राहिला. कुठल्याशा बातम्यांच्या पानावर 'ज्येष्ठ बागायतदाराचे निधन' असं छापून आलं, आणि अण्णा गवतात पाय ठेवताना साप चावून गेले अशी जास्तीची माहितीही कुणीतरी भरली. अण्णा बोर्लीच्या बाजारात गेले तर एका ओळखीच्या माणसाच्या हातातली पिशवी पडली. अण्णांना मात्र मजा वाटायची. लोकांनी लिहिलेले दुःखाचे निरोप ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत आणि म्हणत, "बघ, हा मला देवमाणूस म्हणतोय. समोर भेटला की बांधावरून भांडतो."

आत्याशी माझी जुंपली ती वेगळीच. मी म्हटलं, "तू केलंस त्याला अफवा म्हणतात." ती म्हणाली, "अफवा कशी? मी त्याला वाचवलं." "कशावरून वाचवलं?" "जिवंत आहे ना?" मी पत्रकार ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, की ताई, ही बातमी खोटी, सांगणारी खरी, आवाज खरा, रडणं खरं, आणि सांगण्यामागे माया. याला तुमच्यात काय म्हणतात? ताई म्हणाल्या, "मुक्ता, हे मला शिकवलेलं नाही गं कुणी." आत्याला मी आणखी एक विचारलं होतं. तू निरोपात इतकी खरी कशी रडलीस, तुला तर माहीत होतं की अण्णा मोरीत आंघोळ करतायत. ती म्हणाली, "तोंडातून ते शब्द काढून बघ एकदा. आपोआप येतं."

काका दुसऱ्या दिवशी निघाले. जाताना फाटकाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "यापुढे या घरातली कुठलीही बातमी मला बेबी कळवणार नाही. मुक्ता कळवेल. ती तपासून सांगते." मला तेव्हा मान मिळाल्यासारखं वाटलं. आणि तसंच झालं. त्यानंतर भाऊ भाऊ रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे, पण एखादी बातमी असली, आईचा ताप, गाय व्याली, पाऊस लागला, की काका विचारायचे, "मुक्तीने बघितलंय का?" मी "हो" म्हटलं की मगच ते खरं धरायचे.

पुढच्या सुपारीच्या वेळची गोष्ट. सकाळ होती. आत्याचा फोन डब्याला टेकलेला, कुणी तरी कसला तरी काढा सांगत होतं, आई घावन घालत होती. अंगणातून अण्णांचं ओरडणं ऐकू आलं नाही. तेवढंच. आत्या पहिल्यांदा उठली. तिला इतकी वर्षं सवय होती, की आवाज मोठा केला की बाहेरून शिवी येते. अण्णा सुपारीच्या कडेला भिंतीला टेकून बसले होते, विसाव्याला बसल्यासारखे. आम्ही त्यांना उचलून आत आणलं. बोर्लीहून डॉक्टर आले, त्यांनी छाती बघितली, डोळे बघितले आणि आईला हात जोडले. कावळा कुठेच नव्हता. मी बाहेर जाऊन माडांवर बघून आले, खरंच. एकही नव्हता.

आईने फक्त एवढं म्हटलं, "भावजींना कळव."

आत्या फोनकडे बघायलाही तयार नव्हती. मी ओटीवर आले आणि किहीमला लावला. वीज होती, टॉवर होता, फोन एका दमात लागला. "मोठे काका," मी म्हटलं, आणि आत्याने पाठवलेलेच शब्द माझ्या तोंडून गेले, कारण दुसरे शब्द नव्हतेच. मला वाटलं, आता चिडतील. म्हणतील, एकदा फसलो, पुन्हा नाही. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं. डॉक्टरांचं नाव, वेळ, सुगंधाकाकी शेजारी उभ्या आहेत त्यांना फोन देते, हवं तर व्हिडिओ लावते.

"कावळा बसला होता का गं?" काकांनी विचारलं.

इतक्या हळू आवाजात विचारलं की मला आधी वाटलं, त्यांना संशय आलाय, मग कळलं, ते मागतायत. मी हो म्हणावं म्हणून मागतायत. आयुष्यभर लोकांनी मला खरं का खोटं विचारलं, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

"नाही, काका."

"तू तपासलंस? स्वतः?"

"हो."

"नीट तपासलंस ना, मुक्ते?"

मला हो म्हणता आलं नाही. डॉक्टर होते, आई होती, सगळं समोर होतं, तरी हो म्हणवलं नाही. "थांबा," मी म्हटलं, "बघून सांगते." फोन तसाच हातात धरून मी आत गेले, अण्णांच्या उशाशी बसले आणि त्यांच्या दंडाला चिमटा काढला. नखं रुतवून, चांगला जोरात. पलीकडे मोठे काका थांबले होते.